शब्द घोकण्याआधी त्याचं मूळ विचारा

बंगळुरूतल्या मराठी घरांमध्ये इंग्रजी शब्दांच्या याद्या सतत कुठे ना कुठे चिकटवलेल्या दिसतात. कोणी जीआरई देणार असतं, कोणी कॅट, कुणाच्या सहावीतल्या मुलीची स्पेलिंगची स्पर्धा असते. कपाटाच्या दारावर कागद, मोबाइलमध्ये कार्डं. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. मुलं ते दामटून पाठ करतात, परीक्षा होते आणि महिन्याभरात सगळं धुऊन निघतं.

माझी अशा सगळ्या आईबापांना आणि त्या मुलांनाही कळकळीची विनंती आहे, की ही घोकंपट्टी सोडा. अनोळखी इंग्रजी शब्द समोर आला की तो कुठून आला हे आधी विचारा, आणि शोधाची सुरुवात घरच्या मराठीपासून करा. घरात मराठी बोललं तर इंग्रजी कच्चं राहील, या भीतीने मुलांशी मोडकं इंग्रजी बोलणारे पालक मला रोज भेटतात. त्यांनी तर हे जरूर वाचावं. इंग्रजीतले जे शब्द अरबीतून आले आहेत त्यांच्या बाबतीत मराठी येणाऱ्या मुलाला जेवढा फायदा आहे, तेवढा लंडनमधल्या मुलालाही नाही.

याचं कारण इतिहासात आहे. १३४७ साली बहमनी राज्य झालं, पुढे निजामशाही, आदिलशाही आली. तीनशे वर्षं आपली कचेरी, फौज, बाजार आणि न्यायनिवाडा फारसीत चालला आणि फारसीच्या पोटातून शेकडो अरबी शब्द मराठीत उतरले. इंग्रजीने तीच अरबी दुसऱ्या वाटेने घेतली. स्पेनमधली मुस्लिम राज्यं, सिसिली बेट, व्हेनिस आणि जिनोआचे व्यापारी, लॅटिनमध्ये भाषांतरं करणारे पंडित या मार्गाने ते शब्द लंडनला पोहोचले. म्हणजे एकाच अरबी मुळाची एक फांदी आपल्या तहसील कचेरीत आली आणि दुसरी इंग्रजी कोशात गेली.

अरबीची रचना कळली की पुढचं सोपं होतं. त्या भाषेत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या मुळावर उभे असतात. ती तीन व्यंजनं कायम राहतात, मधले स्वर बदलतात, पुढेमागे एखादं अक्षर जोडलं जातं आणि नवा शब्द तयार होतो. मराठीतलाच नमुना घ्या. महसूल, तहसील आणि ‘त्यात काय हशील?’ मधला हशील हे तिन्ही ह-स-ल या एकाच मुळाचे. मुळाचा अर्थ हाती येणं, पदरात पडणं. सरकारच्या पदरात पडतो तो महसूल, तो गोळा करणं म्हणजे तहसील. हे मुलाला एकदा दाखवा. त्याला पुढे स्वतःहून तीन व्यंजनं शोधायची सवय लागते.

आता इंग्रजीकडे वळा. मॅगझिन हा शब्द ख-झ-न या मुळाचा आहे, साठवणं हा त्याचा अर्थ. अरबीत कोठाराला मखझन म्हणतात. आपला खजिना आणि खजिनदार त्याच मुळाचे. म्हणून तर बंदुकीच्या गोळ्या जिथे भरतात तेही मॅगझिन, दारूगोळ्याचं कोठार तेही मॅगझिन. १७३१ साली लंडनमध्ये ‘जंटलमन्स मॅगझिन’ निघालं, ते लेखांचं कोठार म्हणून, आणि तिथून नियतकालिकाला हे नाव पडलं. एका शब्दाचे हे तीन अर्थ मुलं वेगवेगळे पाठ करतात. खजिना कळला की तिन्ही एकदम कळतात.

टॅरिफ २०२५ साली मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर रोज होता. त्याचं मूळ अरबी तारीफ. अ-र-फ म्हणजे जाणणं, ओळखणं. तारीफ म्हणजे माहीत करून देणं, म्हणून जाहीर केलेली दरांची यादी म्हणजे टॅरिफ. मराठीत गुणांची ओळख करून देणं या अर्थाने तीच तारीफ स्तुती झाली. याच मुळाचा उर्फ आहे, म्हणजे ज्या नावाने माणूस ओळखला जातो ते. ओळखीने काम करून घेणं म्हणजे मार्फत. टॅरिफ, तारीफ, उर्फ आणि मार्फत हे चार शब्द एका ओळीत लिहून भिंतीवर लावा. कपाटावरच्या पन्नास शब्दांपेक्षा ती एक ओळ मुलाला जास्त शिकवेल.

बारावीतल्या एका मुलाबरोबर मी हे करून पाहिलं. त्याच्या यादीत ‘नेडिर’ हा शब्द होता. अर्थ लिहिला होता, सर्वांत खालचा बिंदू, अवनतीचा तळ. त्याला तो काही केल्या लक्षात राहत नव्हता. कागदावर मी न, झ, र अशी तीन अक्षरं लिहिली आणि यातून मराठी शब्द काढ म्हणाले. ‘नजर’ लगेच आला. थोड्या वेळाने ‘नजरकैद’ आला. त्याच्या आजोबांनी आतल्या खोलीतून ‘नाझर’ सांगितला, कोर्टातला नाझर. मग मी सांगितलं, की अरबीत नझीर म्हणजे नजरेसमोरचा, समोरासमोरचा. अरब ज्योतिषी डोक्यावरच्या बिंदूला ‘समत अर-रास’ म्हणत, डोक्यावरची वाट. त्याच्या बरोबर समोरचा, पायाखालचा बिंदू तो नझीर. लॅटिनमध्ये जाऊन तो नेडिर झाला. त्या ‘समत’चा लिहिणाऱ्यांच्या हातून अक्षर चुकून ‘झेनिथ’ झाला आणि त्याच शब्दाचं अनेकवचन ‘ॲझिमथ’ म्हणून जगभरच्या नकाशांत आणि दुर्बिणींत राहिलं. मुलाने तिन्ही शब्द एका बैठकीत उचलले. आजोबा बाहेर येऊन बसले, हा मला त्याहून मोठा लाभ वाटला.

नजर आणि नजराणा मात्र एक समजू नका. नजराण्यातली नजर म्हणजे भेट, नवस. तिचं अरबी मूळ वेगळ्या अक्षराचं आहे. मराठीत दोन्ही ‘झ’ एकाच ‘ज’मध्ये मिसळून गेले, म्हणून त्या बहिणी वाटतात.

गणिताचं उदाहरण तर प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला मिळायलाच हवं. इसवी सन ८२०च्या सुमारास बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाने एक ग्रंथ लिहिला. त्याच्या नावातले मुख्य शब्द असे : हिसाब, अल-जब्र, अल-मुकाबला. हळू वाचा. हिसाब म्हणजे आपला हिशेब. जब्र म्हणजे आपल्या जबर, जबरी, जबरदस्तीतला जबर. मुकाबला तर जसाच्या तसा. बाराशे वर्षांपूर्वीच्या अरबी ग्रंथाचं नाव मराठी माणसाला कानाने ओळखता येतं, आणि आपण मुलांना सांगतो की अल्जिब्रा हा परका, अवघड शब्द आहे!

ज-ब-र या मुळात सक्तीचा अर्थ आहे तसाच मोडलेलं सांधण्याचाही आहे. हाड बसवायला जोर लावावा लागतो. जुन्या स्पॅनिशमध्ये हाडं बसवणाऱ्याला ‘अल्जेब्रिस्ता’ म्हणत. समीकरणात एका बाजूला वजा झालेली राशी दुसऱ्या बाजूला नेऊन तुटलेली बाजू पुन्हा सांधायची, हे जब्र. मग दोन्ही बाजूंच्या सारख्या राशी समोरासमोर आणून कापायच्या, हा मुकाबला. सातवीचं समीकरण शिकवताना शिक्षकांनी हे दोन शब्द वापरून पाहावेत. ११४५ साली चेस्टरच्या रॉबर्टने या ग्रंथाचं लॅटिन भाषांतर केलं आणि अल-जब्र युरोपला मिळालं. ग्रंथकर्त्याच्या नावाचा लॅटिन अपभ्रंश होऊन अल्गोरिदम झाला. बंगळुरूच्या आयटी कंपन्यांत दिवसभर उच्चारला जाणारा हा शब्द म्हणजे एका माणसाचं गावावरून पडलेलं नाव आहे, ख्वारिझ्मचा राहणारा.

काही शब्द आपल्याकडून तिकडे जाऊन परत आले आहेत. त्रिकोणमितीतला ‘साइन’ घ्या. आर्यभटाच्या ग्रंथात, म्हणजे ४९९ साली, ज्या किंवा जीवा हा शब्द आहे. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. अरबांनी तो ‘जीबा’ असा घेतला. अरबी लिपीत स्वर गाळून लिहितात, त्यामुळे पुढच्या वाचकांनी त्याच अक्षरांचा ‘जैब’ वाचला. जैब म्हणजे कपड्याची घडी, खोळ. हिंदीतला जेब म्हणजे खिसा तोच. लॅटिन भाषांतरकाराने त्याचा इमानाने ‘सायनस’ केला, तोच आजचा साइन. शून्याचंही तसंच. अरबांनी त्याचं भाषांतर ‘सिफ्र’ केलं, रिकामं. त्यातून इंग्रजीला दोन शब्द मिळाले, झीरो आणि गूढलिपी या अर्थाचा सायफर.

मुलांना घेऊन नेहरू तारांगणात जाता तेव्हाही हे उपयोगी पडेल. अभिजित ताऱ्याला इंग्रजीत व्हेगा म्हणतात. अरबांना तिथे खाली झेपावणारं गिधाड दिसलं, अन-नस्र अल-वाकि. वाकि म्हणजे पडणारा. व-क-अ या मुळातून जे घडतं, येऊन पडतं ते वाकया, म्हणजे घटना. घटनांची नोंद ठेवणारा तो वाकनवीस, आपला वाकनीस. श्रवण तारा म्हणजे उडणारं गिधाड, अत-ताइर, म्हणून अल्टेअर. रोहिणी कृत्तिकांच्या मागून उगवते म्हणून तिचं अरबी नाव अद-दबरान, मागून येणारी, आणि तेच इंग्रजीतलं अल्डेबरन. एखाद्या वाकनीस आडनावाच्या मुलीला सांगा, की आकाशातल्या सर्वांत ठळक ताऱ्यांपैकी एक तुझ्या आडनावाचा नातलग आहे. ती व्हेगा विसरणार नाही.

या शहरात राहण्याचा आपल्याला आणखी एक फायदा आहे, आणि तो आपण वाया घालवतो. कन्नडनेही हेच शब्द याच कचेऱ्यांतून घेतले. अर्जी, तकरारु, वकील, जिल्ले, तालूकु. शेजारच्या कन्नड काकांशी बोलताना हे शब्द ऐकू येतात, पण आपण ते आपलेच समजून सोडून देतो. ‘रैत’ या शब्दाकडे जरा थांबून बघा. अरबीत रइय्या म्हणजे राखायचा कळप, त्यावरून राजाने राखायची प्रजा. मराठीत तीच रयत झाली आणि प्रजा हा अर्थ टिकला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली संस्था काढली तिचं नाव रयत शिक्षण संस्था ठेवलं ते याच अर्थाने. कन्नडमध्ये रैत म्हणजे शेतकरी, म्हणून कर्नाटक राज्य रैत संघ ही शेतकऱ्यांची संघटना. इंग्रजांनी ‘रायट’ असा उच्चार केला आणि थॉमस मन्रोच्या जमीनधाऱ्याच्या पद्धतीला रयतवारी हे नाव पडलं. इंग्रजी कोशातला हा अवघड समजला जाणारा शब्द आपल्याला दोन्ही बाजूंनी ओळखीचा आहे. तसाच ‘मुफ्ती’. इंग्रजीत वर्दीवाल्याने साधे कपडे घालणं म्हणजे मुफ्तीत असणं. २०१७ साली या नावाचा कन्नड चित्रपट आला, वेष पालटून वावरणाऱ्या पोलिसाचा. मूळ अरबी मुफ्ती म्हणजे फतवा देणारा, मुफ्ती आणि फतवा दोन्हींचं मूळ एक. शिवाजीनगरात रसेल मार्केटकडे खरेदीला जाल तेव्हा दुकानदारांची दख्खनी कान देऊन ऐका. त्यांच्या तोंडी ही मुळं रोजची आहेत, आणि विचारलं की माणसं आनंदाने समजावतात.

इथवर वाचून कोणाच्या मनात येईल, की शिवाजी महाराजांनीच यावनी शब्द काढून टाकले, मग हे कौतुक कशाला? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचा धागा याच शहराशी जुळलेला आहे. शहाजीराजांकडे बंगळुरूची जहागीर होती तेव्हा त्यांच्याबरोबर हणमंते घराणं इथे होतं. त्याच घराण्यातले रघुनाथपंत पुढे महाराजांकडे गेले. १६७४च्या राज्याभिषेकानंतर तयार झालेला राज्यव्यवहारकोश त्यांच्या नावावर आहे. दहा वर्गांत त्यात फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. वाकनिसाचा मंत्री झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, सरनौबताचा सेनापती. स्वतःच्या राज्याची भाषा स्वतः ठरवण्याचा तो निर्णय होता आणि मला त्याचा अभिमान वाटतो. पण प्रतिशब्द द्यायचा तर मूळ शब्द नीट नोंदवावा लागतो. रघुनाथपंतांना दोन्ही बाजू पक्क्या माहीत होत्या, म्हणूनच हे काम त्यांच्या हातून झालं. आज सतराव्या शतकातली दख्खनची कचेरी कशी बोलत होती हे अभ्यासायचं असेल तर त्यांचाच कोश उघडावा लागतो. एखादा शब्द ठेवायचा की टाकायचा हे ज्याचं त्याने ठरवावं, पण तो ओळखून ठरवावं.

आता सावधगिरीचे चार शब्द, आणि हे मी जोर देऊन सांगते. व्हॉट्सॲपवर शब्दांच्या ज्या जन्मकथा फिरतात, त्यांतल्या बऱ्याच खोट्या असतात. न्यूज म्हणजे उत्तर, पूर्व, पश्चिम, दक्षिण या चार दिशांची इंग्रजी आद्याक्षरं, असं कित्येक शाळांत आजही शिकवतात. ते साफ चूक आहे. न्यूज म्हणजे नव्या गोष्टी, न्यू या शब्दाचं अनेकवचन. जहाजाच्या थंड बाजूच्या खोल्यांवरून ‘पॉश’ आला ही गोष्टही तशीच, तिला कसलाही पुरावा नाही. नेव्हिगेशन आपल्या ‘नवगती’वरून गेला असं छातीठोकपणे सांगतात. तो लॅटिन शब्द आहे. संस्कृत नौ आणि लॅटिन नाविस एका पूर्वजाची लेकरं आहेत हे खरं, पण एक दुसरीची आई नाही. आपल्या भाषेला मोठेपणा देण्यासाठी खोट्याची गरज नाही, खरं पुरून उरेल एवढं आहे.

तीन व्यंजनांची युक्ती हातात आली की मुलं उत्साहात कुठेही लावतात, तिथेही लगाम हवा. तालीम, मालूम आणि उलेमा हे तिन्ही अ-ल-म म्हणजे जाणणं या मुळाचे. आपली कुस्तीची तालीम मुळात शिकण्याची जागा. मग ‘अलम्नाय’ही त्यातलाच असं वाटतं, माजी विद्यार्थीच ना ते! पण तो शुद्ध लॅटिन शब्द आहे, पोसणं या धातूचा. सुरुवातीला ‘अल’ दिसला की अरबी हा नियमही अर्धाच खरा. अल्कोहोल, अल्कली अरबी आहेत. अल्फाबेट ग्रीक आहे आणि अलार्म इटालियन, ‘शस्त्रं उचला’ या आरोळीचा. इंग्रजी मास्क आणि आपली मस्करी यांचं नातं काही अभ्यासक मानतात, काही मानत नाहीत. अशा शब्दापुढे वहीत प्रश्नचिन्ह घाला आणि ते तसंच राहू द्या.

पडताळायचं कशात? मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, १८५७ची सुधारित आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येते. त्यात शब्दापुढे तो अरबी, फारसी की संस्कृत याची खूण असते. माधव जूलियनांचा फार्शी-मराठी कोश १९२५चा आणि कृ. पां. कुलकर्ण्यांचा मराठी व्युत्पत्ति कोश १९४६चा. दोन्ही जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मिळतात. इंग्रजीकडून यायचं तर यूल आणि बर्नेल यांचा १८८६चा हॉब्सन-जॉब्सन हाताशी ठेवा. हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांवर इतकं रसाळ पुस्तक दुसरं नाही. दोन कोशांत एकच गोष्ट सापडली तरच वहीत लिहायची, एवढी शिस्त घरात लावा.

या शहरात जी. वेंकटसुब्बय्या नावाचे कोशकार होऊन गेले. २०२१च्या एप्रिलमध्ये १०७व्या वर्षी ते गेले. ‘प्रजावाणी’त ‘इगो कन्नड’ या सदरातून वर्षानुवर्षं ते सामान्य वाचकांच्या शब्दांविषयीच्या प्रश्नांना उत्तरं देत. कन्नडमध्ये आलेल्या उसन्या शब्दांचा कोशही त्यांनी केला. विद्यापीठाबाहेरच्या लोकांनी विचारायचं आणि जाणकाराने मन लावून सांगायचं, ही रीत त्यांनी बंगळुरूला लावून दिली. आपल्या मराठी मंडळींच्या स्नेहसंमेलनांत नाटक, लावणी, पुरणपोळी सगळं असतं. तिथे अर्धा तास शब्दांसाठी ठेवा. मुलांनी इंग्रजी शब्द आणावेत, मोठ्यांनी मराठी आणि कन्नड भावंडं शोधावीत.

आणि ज्यांची घराणी तीन-चार पिढ्यांपासून किंवा त्याआधीपासून इथे आहेत, त्यांच्याकडे एक खास मागणं आहे. तुमच्या घरातली मराठी पुण्या-मुंबईच्या शाळांतून गेलेली नाही, तिच्यात कन्नडचा सूर आहे, त्यामुळे बाहेर बोलताना तुम्ही संकोचता. संकोचू नका. कौल, कबुलायत, जमाबंदी, वहिवाट, हशील असे शब्द तुमच्या आजीच्या तोंडी असतील, जुन्या दस्तांत असतील. कबुलायत घ्या. मूळ क-ब-ल, मान्य करणं, आणि त्याच मुळाचा एक शब्द फ्रान्सपर्यंत जाऊन ‘गाबेल’ झाला, १७९० साली रद्द झालेल्या तिथल्या मिठावरच्या जुलमी कराचं नाव. तुमच्या दस्तातला शब्द आणि फ्रेंच राज्यक्रांतीच्या धड्यातला शब्द एका मुळाचे आहेत, हे तुमच्या नातवाला तुमच्याशिवाय कोण दाखवणार? या रविवारी ती जुनी पेटी उघडा, नातवाला शेजारी बसवा आणि त्याला न कळणारा प्रत्येक शब्द त्याच्याकडूनच वहीत लिहून घ्या. शब्द, कोणी उच्चारला, कशाबद्दल बोलताना, आणि कोशात काय सापडलं, एवढे चार रकाने पुरेत.